दोस्ताचं घर कुठे आहे?

'माझे आवडते परदेशी चित्रपट' असा विषय मला दिलेला आहे. त्याची सुरुवात मी एका वाक्यानं करतो. वाक्य परक्या भाषेतलं आहे, पण जरा कान देऊन ऐका : 'खाने-ये दूस्त कोजास्त?' ही फारसी आहे. यातला 'दूस्त' म्हणजे आपला दोस्त. 'खाने' म्हणजे घर. दवाखाना, कारखाना, छापखाना यांतला जो खाना, तोच हा. उरला एकच शब्द, 'कोजास्त', म्हणजे कुठे आहे. दोस्ताचं घर कुठे आहे? अब्बास किआरोस्तामी या इराणी दिग्दर्शकाच्या १९८७ सालच्या चित्रपटाचं हे नाव. तीन शब्दांपैकी दोन आपल्याच घरातले निघाले. मग याला परदेशी म्हणायचं तरी किती?

इराणी चित्रपटांच्या नावांची ही गंमत मला फार आवडते. माजिद माजिदींचा एक चित्रपट आहे, आंध‍ळ्या मुलाची गोष्ट. इंग्रजीत त्याला 'कलर ऑफ पॅरडाइज' म्हणतात, पण मूळ नाव आहे 'रंगे खुदा'. याचं भाषांतर कोणी करून द्यावं लागत नाही. कधी कधी मात्र ओळखीचा शब्द चकवतो. किआरोस्तामींच्या ज्या चित्रपटाला १९९७ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक विभागून मिळालं, त्याच्या नावात 'गीलास' आहे. आपण पाण्याचा पेला समजून बसतो. फारसीत गीलास म्हणजे चेरीचं फळ. आणि दारियूश मेहरजुईंच्या १९६९ सालच्या चित्रपटाचं नाव 'गाव'. मराठी माणसाला वाटेल, खेड्याची गोष्ट असणार. ती खेड्याचीच आहे, पण फारसीत 'गाव' म्हणजे गाय. एका शेतकऱ्याची एकुलती एक गाय मरते. तो परगावी गेलेला असतो. गावकरी तिला पुरतात आणि तो आल्यावर गाय पळून गेली म्हणून सांगतात. त्याचा विश्वास बसत नाही. तो गोठ्यात जाऊन बसतो, कडबा चघळू लागतो आणि हळूहळू स्वतःच गाय होतो. ज्यांच्या घरात जनावर आहे त्यांना ही गोष्ट वेड्याची वाटणार नाही.

छत्रपती शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो राजकारभारातल्या फारसी शब्दांना पर्याय मिळावेत म्हणून. कारभार बदलला, पण बाजारातले, घरातले, शेतातले शब्द राहिले ते राहिलेच. आमच्या घरी दखनी बोलतात. आजोबांच्या पिढीपर्यंत मुलांना थोडी फारसी शिकवत, 'गुलिस्ताँ' वाचून घेत. माझ्या वाट्याला ती आली नाही. मी मराठी घेऊन बी. ए. झालो आणि कविता मराठीतच लिहीत आलो. फारसीचं म्हणाल, तर माधव जूलियनांचा फारसी-मराठी कोश मी उशाशी ठेवतो. आपल्या एका मराठी कवीनं १९२५ साली तो सिद्ध केला. चित्रपट बघताना कानावर पडलेला शब्द नंतर त्यात शोधायचा, हा माझा छंद. सिनेमाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. तेव्हा समीक्षकाची अपेक्षा माझ्याकडून कोणी ठेवू नये.

परदेशी चित्रपट मी पहिल्यांदा पाहिले ते नव्वदच्या दशकात, आमच्या सांगलीतल्या एका फिल्म सोसायटीत. शाळेचा हॉल, लाकडी बाक, भिंतीवर पडदा. तिथं 'बायसिकल थीव्ज' पाहिला. दिग्दर्शक वित्तोरिओ दे सिका, पटकथेमागचं डोकं चेझारे झावात्तिनी, साल १९४८. दुसऱ्या महायुद्धात इटली मोडून पडली होती. स्टुडिओतल्या गुळगुळीत चित्रपटांचा काही मंडळींना वीट आला होता. त्यांनी कॅमेरा रस्त्यावर आणला, खऱ्या घरांत आणि खऱ्या माणसांत नेला. याला नववास्तववाद म्हणतात. 'बायसिकल थीव्ज'चा नायक लाम्बेर्तो माज्जोरानी कारखान्यातला कामगार होता, नट नव्हता. हॉलिवूडच्या एका बड्या निर्मात्यानं पैसे द्यायची तयारी दाखवली, पण नायक म्हणून केरी ग्रांटला घ्या असं सुचवलं. दे सिकांनी ऐकलं नाही. बरंच झालं.

गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. भिंतीवर पोस्टर लावायची नोकरी मिळते, पण सायकल हवी. सायकल गहाण पडलेली. ती सोडवायला बायको घरातल्या चादरी गहाण ठेवते. पहिल्याच दिवशी सायकल चोरीला जाते. बाप आणि लहानगा मुलगा रोमभर ती शोधत हिंडतात आणि अखेर बाप स्वतः एक सायकल चोरायला जातो आणि पकडला जातो. लोक म्हणतात, हा गरिबीचा चित्रपट. मला तसं वाटत नाही. गरिबीचे चित्रपट आपल्याकडेही उदंड झाले. या चित्रपटाचा गाभा असा आहे की बापाला लोक मारताहेत, टोपी पाडताहेत, आणि हे मुलगा बघतो आहे. बापाला चोरीपेक्षा त्या नजरेची लाज वाटते. मुलगा टोपी उचलतो, झटकतो. पुढे बापाचा हात धरतो. यापलीकडे दे सिका काही बोलत नाहीत.

१९५२ साली भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव मुंबईत सुरू झाला, तेव्हा हे इटालियन चित्रपट आपल्याकडे आले. पुढच्याच वर्षी बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आला आणि बलराज साहनी कलकत्त्याच्या रस्त्यावर खरीखुरी हातरिक्षा ओढताना दिसले. सत्यजित राय यांनी तर 'बायसिकल थीव्ज' १९५० सालीच लंडनमध्ये पाहिला होता.

बाकीच्या चळवळींबद्दल थोडक्यात बोलतो. फ्रान्समध्ये १९५९-६०च्या सुमाराला आलेली नवी लाट मी आवडीनं पाहिली. त्रूफोच्या 'फोर हंड्रेड ब्लोज'मधला पोरगा समुद्रापर्यंत धावतो आणि चित्र गोठतं, तो क्षण विसरता येत नाही. गोदारसमोर मी टोपी काढतो, पण त्याच्या घरी मुक्काम करावासा वाटत नाही. जपानच्या ओझूंचा 'टोकियो स्टोरी' प्रत्येक लेकानं आणि लेकीनं आईबाप हयात असताना बघावा. पण माझा मुक्काम इराणात, आणि त्याचं कारण केवळ भाषा नाही.

इराणचा आणि आपला सिनेमाचा धागा जुना आहे. 'आलम आरा' काढणारे अर्देशीर इराणी मूळचे पुण्याचे. १९३३ साली त्यांच्याच इंपीरिअल कंपनीत, मुंबईत, फारसी भाषेतला पहिला बोलपट तयार झाला. नाव 'दुख्तरे लोर', लोर जमातीची मुलगी. पटकथा अब्दुल हुसैन सेपन्ता यांची, आणि नायकही तेच. नायिका होती रूहअंगीज सामीनेजाद, स्टुडिओतल्याच एका कर्मचाऱ्याची बायको. बोलीत किरमानी हेल होता. चित्रपट तेहरानमध्ये तुफान चालला, पण त्या बाईला मात्र लोकांनी इतकं छळलं की तिचं पुढचं आयुष्य अज्ञातवासातच गेलं. इराणी सिनेमाच्या इतिहासात पहिल्या पानावरच हा हिशेब लिहिलेला आहे : पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला नंतर काय भोगावं लागतं? बघणारे बघून घरी जातात. ज्याला बघितलं, त्याचं काय?

माझ्या मते चांगला इराणी सिनेमा सतत हाच प्रश्न विचारत आलेला आहे. आणि तो सर्वांत आधी, सर्वांत स्पष्ट विचारला एका कवयित्रीनं.

फुरूग फर्रुखजाद हे नाव इराणात घराघरात ठाऊक आहे. तिच्या कवितांनी वादळ उठवलं होतं. घटस्फोटानंतर पोटचा मुलगाही तिच्याजवळ राहू दिला नव्हता. १९६२ साली ती तबरीझजवळच्या बाबाबागी कुष्ठरोग वसाहतीत गेली आणि बारा दिवसांत एक अनुबोधपट करून परतली. निर्माते इब्राहिम गुलिस्तान. नाव 'खाने सियाह अस्त', घर काळं आहे. पुन्हा आपला खाना आणि आपल्या ऐकण्यातलं स्याह. लांबी जेमतेम वीस-बावीस मिनिटं. तिनं केलेला हा एकच चित्रपट. १९६७ साली मोटार अपघातात ती गेली, तेव्हा वय बत्तीस होतं.

यात दोन आवाज आहेत. एक पुरुषाचा, तो कोरडेपणानं सांगतो की हा रोग असाध्य नाही, तो गरिबीच्या सोबतीनं येतो, उपचार केले तर बरा होतो. दुसरा आवाज खुद्द फुरूगचा. ती कुराण, बायबलचा जुना करार आणि स्वतःच्या कविता यांतले शब्द वाचते. पडद्यावर झडलेली बोटं आहेत, बसलेली नाकं आहेत. पण कॅमेरा शहारत नाही आणि कीवही करत नाही. एक बाई आरशात बघते. केस विंचरणं आहे, डोळ्यांत सुरमा घालणं आहे, लग्न आहे, वाजंत्री आहे, मुलांचा चेंडूचा खेळ आहे.

वसाहतीतल्या शाळेचा प्रसंग मी कितीदा पाहिला असेल, मोजदाद नाही. मुलं पुस्तकातला धडा वाचतात. धडा देवाचे आभार मानण्याचा : हात दिलेस म्हणून, डोळे दिलेस म्हणून. कोणते हात आणि कोणते डोळे, ते आपल्याला दिसत असतं. मास्तर एका मुलाला चार सुंदर गोष्टींची नावं विचारतात. तो चंद्र, सूर्य, फूल आणि खेळ म्हणतो. दुसऱ्याला कुरूप गोष्टी विचारतात. तो म्हणतो, हात, पाय, डोकं. आणि वर्ग हसतो! त्या हसण्याला मी कवी म्हणून अजून शब्द शोधतो आहे. मग एकाला फळ्यावर 'घर' शब्द घालून वाक्य लिहायला सांगतात. तो विचार करतो, करतो, आणि लिहितो : घर काळं आहे. चित्रपटाचं नाव फुरूगनं दिलेलं नाही, त्या मुलानं दिलेलं आहे.

आपल्याकडे वरोड्याला आनंदवन उभं करणारे बाबा आमटे हेही कवीच होते. 'ज्वाला आणि फुले' ज्यांनी वाचलं असेल त्यांना ठाऊक आहे की कुष्ठरुग्णाकडे दयेनं नव्हे, बरोबरीनं बघायचं असतं. बाबांनी त्यासाठी जन्म दिला. फुरूगनं बारा दिवस दिले आणि परत जाताना वसाहतीतल्या एका रुग्ण दांपत्याच्या मुलाला, त्यांच्या संमतीनं, दत्तक घेऊन ती घरी गेली. चित्रपट करून मोकळं होता येतं, असं तिला वाटलं नसावं.

आता किआरोस्तामींकडे येतो. त्यांची सुरुवात 'कानून' नावाच्या संस्थेत झाली. नावावरून कोर्टकचेरी वाटेल, पण ही मुलांच्या बौद्धिक विकासासाठीची सरकारी संस्था. तिथं त्यांनी सिनेमाचा विभाग उभा केला आणि १९७० साली पहिला लघुपट काढला : पाव घेऊन घरी निघालेला पोरगा आणि गल्लीत आडवा आलेला कुत्रा. बस्स, एवढंच.

'दोस्ताचं घर'चं कथानकही असंच चिमूटभर. उत्तर इराणातलं कोकेर गाव. आठ-नऊ वर्षांच्या अहमदच्या दप्तरात चुकून शेजारच्या मुलाची वही येते. त्या मुलाला मास्तरांनी दम दिलेला आहे : पुन्हा वहीत अभ्यास दिसला नाही तर शाळेतून नाव काढीन. म्हणजे वही आजच पोचवायला हवी. आई ऐकत नाही. ती बाळाची लंगोटी, दूध, पाणी यांत बुडालेली. म्हणते आधी अभ्यास कर. पोरगा पळतो. दोस्त राहतो टेकडीपलीकडच्या पोश्ते गावात. पत्ता माहीत नाही, आणि नेमतजादे आडनावाची घरं ढीगभर. मोठ्या माणसांना विचारावं तर कोणी ऐकूनच घेत नाही. आजोबा त्याला उगाच सिगारेट आणायला पिटाळतात. सिगारेट खिशात असते, पण पोराला शिस्त लागावी म्हणून! आपले आजोबा आठवतात.

टेकडीवर नागमोडी पायवाट आणि माथ्यावर एकच झाड. ती पायवाट किआरोस्तामींनी मुद्दाम तयार करून घेतली होती. तपकिरी स्वेटरमधला तो ठिपका त्यावरून वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. अंधार पडतो. एक म्हातारा सुतार त्याला घर दाखवायला निघतो, पण त्याची चाल मंद आणि बोलणं लांब. आयुष्यभर लाकडी दरवाजे केले, आता लोक लोखंडी बसवतात, ही त्याची खंत. मुलाच्या पोटात कालवाकालव आणि म्हाताऱ्याला कोणीतरी ऐकणारं मिळालेलं. दोघांपैकी कुणावर रागवायचं?

नाव सोहराब सेपेहरी या कवीच्या एका कवितेतून घेतलेलं आहे आणि चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे. त्या कवितेचं शीर्षक 'निशानी'. फारसीत त्याचा अर्थ पत्ता. आपल्याकडे निशाणी म्हणजे खूण. खूण सापडली की पत्ता सापडतो, असं काहीतरी या दोन भाषांनी आपसांत ठरवलेलं दिसतं.

या चित्रपटाची पुढची गोष्ट पडद्याबाहेर घडली. २१ जून १९९० रोजी त्याच भागात भीषण भूकंप झाला. हजारो माणसं गेली, गावंच्या गावं आडवी झाली. चित्रपटात काम केलेली दोन मुलं, ते सख्खे भाऊ, जिवंत आहेत की नाहीत कळेना. किआरोस्तामी आपल्या मुलाला गाडीत घालून कोकेरकडे निघाले. रस्ते खचलेले. या प्रवासावर त्यांनी १९९२ साली दुसरा चित्रपट केला. त्यात एक दिग्दर्शक आणि त्याचा मुलगा भेटेल त्याला फोटो दाखवत विचारत जातात : ही मुलं पाहिलीत का? कोकेरला कुठल्या रस्त्यानं जायचं? म्हणजे बघा, पाच वर्षांपूर्वी त्यानं ज्या पोराला दारोदार पाठवलं होतं, त्याच पोरासारखा आता दिग्दर्शक दारोदार हिंडतो आहे. दोस्ताचं घर कुठे आहे? हातात वहीऐवजी फोटो. मुलं त्या चित्रपटात सापडत नाहीत. एक माणूस मात्र तंबूंच्या वस्तीत टीव्हीचा अँटेना उभारताना दिसतो, कारण फुटबॉलचा विश्वचषक चालू आहे. ती दोन मुलं वाचलेली होती. ती आपल्याला दिसतात तिसऱ्या चित्रपटात, १९९४च्या 'थ्रू द ऑलिव्ह ट्रीज'मध्ये, आणि तीही सहज, जाता जाता. दुसरा कोणी असता तर या भेटीवर पार्श्वसंगीत वाजवून प्रेक्षकांना रुमाल काढायला लावला असता.

मला हे एवढं का भिडतं, ते सांगतो. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तेव्हा माझ्या खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरात छातीइतकं पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही तिला घेऊन गेलो. आत गाळ, फुगलेल्या गाद्या, उलटं पडलेलं कपाट. ती उंबऱ्यावर बसून रडली. तेवढ्यात एका वाहिनीचे दोन तरुण आले. मघाशी कॅमेरा चालू नव्हता, तर आजींनी पुन्हा एकदा आतून बाहेर यावं आणि उंबऱ्यावर बसावं, असं त्यांचं म्हणणं. खाला म्हणाली, "एकदा रडले की बाबा. आता परत कुठनं आणू?" आणि मदतीत आलेली पाण्याची बाटली तिनं त्यांच्यापुढे धरली. पोरं वाईट नव्हती. त्यांनाही वरून कोणी तरी तगादा लावत असणार.

किआरोस्तामींचा १९९९ सालचा 'द विंड विल कॅरी अस' नेमका अशा माणसांवर आहे. शहरातून काही मंडळी कुर्दिस्तानातल्या डोंगरातल्या एका गावी येतात. गावात एक म्हातारी मरणाला टेकलेली आहे. ती गेल्यावर बायका शोकाचा जो विधी करतात, त्याचं चित्रण त्यांना करायचं आहे. गावकऱ्यांना ते खरं कारण सांगत नाहीत. लोक मुख्य माणसाला 'इंजिनिअर साहेब' म्हणतात. आणि म्हातारी काही मरत नाही! दिवस जातात. मोबाईल वाजला की इंजिनिअरला गाडी काढून उंचावरच्या कबरस्तानात पळावं लागतं, कारण रेंज तिथंच मिळते. हे बघून आपण हसतो. मग हळूहळू लक्षात येतं की हा माणूस एका जिवाच्या मरणाची वाट बघत थांबलेला आहे, आणि त्याच्याबरोबर आपणही. ती म्हातारी पडद्यावर एकदाही दिसत नाही. तिची फक्त खिडकी दिसते.

न दाखवणं हे या दिग्दर्शकाचं मोठं हत्यार. त्याच चित्रपटात इंजिनिअर दुधासाठी एका तळघरात जातो. मिट्ट काळोख, एक कंदील, गाय, आणि दूध काढणारी सोळा वर्षांची मुलगी. तिचा चेहरा आपल्याला दाखवलेला नाही. तो तिला फुरूगची कविता म्हणून दाखवतो. चित्रपटाचं नाव त्याच कवितेचं. मुलीला कविता कळली की नाही, सांगता येत नाही, पण तो दुधाचे पैसे देऊ करतो तेव्हा ती घेत नाही. पुढे एक म्हातारा डॉक्टर त्याला फटफटीवर मागे बसवतो आणि पिकलेल्या शेतांमधून जाता जाता उमर खय्याम ऐकवतो. त्या खय्यामच्या रुबाया माधव जूलियनांनीच मराठीत आणल्या.

पुराच्या वेळी मीही तीन कविता लिहिल्या. छापायला देण्याआधी खालाला वाचून दाखवल्या. दोन तिनं मान डोलवून ऐकल्या. तिसरीत तिच्या भिजलेल्या पेटीतल्या वस्तू होत्या. ती म्हणाली, "मेरी पेटी लोगां के सामने खोल के डाल्या तू." ती कविता वहीतच आहे.

'क्लोज-अप'विषयी न बोलता मी उठलो तर ते बरं दिसणार नाही. १९९०चा चित्रपट, आणि सगळी गोष्ट खरी. छापखान्यात काम केलेला हुसैन सब्जियान नावाचा गरीब, सिनेमावेडा माणूस. बसमध्ये तो मोहसेन मखमलबाफ या नामवंत दिग्दर्शकाच्या 'सायकलस्वार' चित्रपटाची पटकथा वाचत असतो. शेजारची बाई चौकशी करते, आणि तो म्हणून जातो, मखमलबाफ मीच. तिच्या घरी त्याचा मान होऊ लागतो. तुमच्यावर चित्रपट करतो, असं तो त्या कुटुंबाला सांगतो. अखेर बिंग फुटतं, अटक होते. किआरोस्तामी बातमी वाचून तुरुंगात जाऊन त्याला भेटतात, न्यायाधीशांची परवानगी काढतात आणि खटल्याचं चित्रण करतात. बाकीचे प्रसंग त्याच माणसांकडून पुन्हा करवून घेतात. फसवणारा, फसलेले, वार्ताहर, सगळे स्वतःच्याच भूमिकेत. कोर्टात तो जे सांगतो त्याचा मथितार्थ असा, की त्या घरात आपल्या शब्दाला किंमत मिळाली, तेवढ्यासाठी हे केलं. ज्याला सरकारी कचेरीत आणि बँकेच्या खिडकीपाशी कोणी 'बसा' म्हटलेलं नाही, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. कुटुंब त्याला माफ करतं. सुटकेच्या दिवशी खरे मखमलबाफ तुरुंगाच्या दाराशी उभे असतात. सब्जियान त्यांच्या गळ्यात पडून रडतो. दोघं मोटारसायकलवरून फुलं घेऊन त्या कुटुंबाकडे जातात, आणि इथं माईक बिघडल्यासारखा आवाज मध्ये मध्ये तुटतो. हे दिग्दर्शकानं मुद्दाम केलेलं आहे. त्या दोघांचं बोलणं त्यांचं त्यांच्यापाशी राहू दे.

आणि तो 'सायकलस्वार' कशावर? बायकोच्या उपचाराच्या पैशांसाठी सात दिवस न थांबता सायकल चालवणाऱ्या अफगाण निर्वासितावर. रोममध्ये चोरीला गेलेली सायकल अशी फिरत फिरत इराणात आली, असं मी गमतीनं म्हणतो.

एक मत मात्र मला खोडून काढायचं आहे. इराणात बंधनं कडक, म्हणून तिथले दिग्दर्शक खुणेनं बोलायला शिकले, म्हणजे सेन्सॉरनं कलेचं भलंच केलं, असं काही जाणकार म्हणतात. बंधनं होती आणि आहेत. पडद्यावर बाईनं डोकं झाकायचं, पुरुषानं तिला स्पर्श करायचा नाही. त्यामुळे अनेकांनी मुलांच्या गोष्टी निवडल्या, हेही खरं. पण फुरूगनं कुठल्या क्रांतीची वाट पाहिली नव्हती. आणि जाफर पनाहींचं काय? किआरोस्तामींचे ते सहायक, 'व्हाइट बलून'चे दिग्दर्शक. २०१० साली त्यांना सहा वर्षांचा तुरुंगवास आणि वीस वर्षं चित्रपट करायला बंदी अशी शिक्षा झाली. त्यांनी घरातल्या गालिच्यावर चिकटपट्टीनं खोल्या आखून न झालेल्या चित्रपटाची गोष्ट सांगितली आणि त्या चित्रफितीला नाव दिलं 'हा चित्रपट नव्हे'. नंतर स्वतः टॅक्सी चालवत चित्रपट केला. २०२२ मध्ये पुन्हा आत, २०२३ च्या फेब्रुवारीत उपोषणानंतर बाहेर. २०२५ च्या मे महिन्यात कानचं सर्वोच्च पारितोषिक त्यांना मिळालं. एवढं सोसलेल्या माणसाला, सेन्सॉरचे आभार माना, असं कोण सांगणार? मेहरजुईंचा आणि त्यांच्या पत्नीचा २०२३ साली राहत्या घरात खून झाला. किआरोस्तामी २०१६ मध्ये पॅरिसच्या रुग्णालयात वारले. मखमलबाफ केव्हाच देश सोडून गेले.

आता माझ्या वाट्याची मिनिटं संपत आली. हे चित्रपट शोधले तर सापडतात. आमच्या वेळेसारखी फिल्म सोसायटीच्या पत्राची वाट बघावी लागत नाही. कुठून सुरुवात करावी म्हणाल, तर 'दोस्ताचं घर'पासून करा, आणि घरातल्या मुलांना बरोबर बसवा. खालची इंग्रजी अक्षरं वाचायचा कंटाळा आला तर काही वेळ नुसतं ऐका. शेवट मी अर्धाच सांगतो. अहमदला दोस्ताचं घर सापडत नाही. रात्री तो जेवत नाही. बाहेर वारा सुटलेला आहे, दोरीवरचे कपडे फडफडताहेत, आणि तो दिव्याखाली बसून लिहितो आहे. सकाळी शाळेत मास्तर एकेकाची वही तपासत येतात. वहीच्या पानात त्या म्हाताऱ्या सुताराने दिलेलं एक छोटंसं फूल आहे. मास्तर पान उलटतात.